शरीर एकाचं, सही दुसऱ्याची

सज्ञान बाईच्या गर्भपाताला नवऱ्याची सही लागत नाही. 1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात ती अट कधीच नव्हती. संमतीचा जो सरकारी नमुना आहे, ज्याला दवाखान्यात ‘फॉर्म सी’ म्हणतात, त्यावर तिची एकटीची सही पुरते. पण तालुक्याच्या गावातल्या एखाद्या मॅटर्निटी होमच्या काउंटरजवळ उभं राहून बघा. तिने नाव सांगितलं, केसपेपर काढला, की पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो: ‘मिस्टर आलेत का?’ नसतील आले तर ‘त्यांना घेऊन या, मग बघू.’ मिस्टर कामासाठी दूर असतील, बोलत नसतील, मारत असतील, किंवा मुळात मिस्टर नसतीलच. ती परत जाते. आठवडा जातो. अशा वेळी एक आठवडा जाणं म्हणजे काय, हे ज्यांना सगळ्यात चांगलं ठाऊक आहे त्यांनीच तिला परत पाठवलेलं असतं.

आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर मुलगा बसलेला असतो. त्याला आत बोलावून डॉक्टर सांगतात, ‘आईंना व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल, इथे सही करा.’ तो करतो. त्या घटकेला कुठल्या मुलाचा हात मागे राहील? आई शुद्धीवर होत्या, घरात हिंडत-फिरत होत्या, तेव्हा त्यांना शेवटी नळ्या लावून घ्यायच्या आहेत की नाहीत हे कुणी विचारलेलं नसतं. त्यांनी स्वतः विषय काढला असेल तर ‘काहीतरी अभद्र बोलू नकोस’ म्हणून तो मिटवलेला असतो.

गर्भपात आणि इच्छामरण या दोन्हींवर आपल्याकडे एकाच सुरात चर्चा होते: जीव संपवण्याचा अधिकार माणसाला आहे का? ही जोडी जुनी आहे. हिप्पोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या वैद्यांच्या शपथेतही, मागितलं तरी प्राणघातक औषध देणार नाही आणि गर्भ पाडण्याचं साधन देणार नाही, ही दोन वचनं लागोपाठ येतात. मला तो प्रश्न फालतू वाटत नाही. पण आपल्या इस्पितळांत, कोर्टांत आणि घरांत प्रत्यक्ष काय चालतं ते पाहिलं की वाटतं, त्याच्या आधीचा एक प्रश्न आपण गिळून टाकतो. ज्याचं शरीर आहे त्याला विचारलं का?

या प्रश्नाला धरून मी चाललो तर तीन ठिकाणी पोहोचतो. गर्भपाताचा निर्णय बाईचा असावा आणि त्यासाठी तिला कुणापुढे कारणं मांडावी लागू नयेत. उपचार नाकारण्याचा, सुरू केलेले उपचार थांबवायला लावण्याचा हक्क प्रत्येक माणसाला असावा, आणि तो आधी लिहून ठेवता यावा. मात्र डॉक्टरने इंजेक्शन देऊन मरण द्यायचा कायदा आज या देशात होऊ नये. यात विसंगती आहे असं अनेकांना वाटेल. त्याचं उत्तर देणं माझ्यावर आहे.

आधी गर्भपात. आपला कायदा पुढारलेला आहे असं आपण अभिमानाने सांगतो, आणि 1971 सालच्या मानाने तो होताच. महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 1966 मध्ये अहवाल दिला, त्यातून तो आला. चोरून, घाणेरड्या साधनांनी केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या, हे त्यामागचं खरं दुःख होतं. पण कायद्याची रचना बघा. दंडसंहितेत गर्भपात हा गुन्हा होता आणि आजही आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 88 तेच सांगतं, आणि स्वतःचा गर्भ पाडणारी बाईसुद्धा त्या कलमात येते. 1971 च्या कायद्याने एवढंच केलं की अमुक अटी पाळल्या तर नोंदणीकृत डॉक्टर दोषी धरला जाणार नाही. संरक्षण डॉक्टरला आहे. बाईला हक्क असा दिलेलाच नाही. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं आणि 24 पर्यंत ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं, ही 2021 च्या दुरुस्तीनंतरची स्थिती. तिला मूल नको आहे, हे कारण म्हणून कुठेच लिहिलेलं नाही. तिच्या मानसिक आरोग्याला गंभीर इजा होईल असं कुणीतरी दुसऱ्याने लिहून द्यावं लागतं.

29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही 24 आठवड्यांची मुभा आहे हे स्पष्ट केलं. नवऱ्याने केलेली जबरदस्ती या कायद्यापुरती बलात्कारात धरली जाईल असंही म्हटलं. कायद्यात नसलेल्या अटी, घरच्यांची संमती वगैरे, डॉक्टरांनी घालू नयेत असंही बजावलं. निकाल चांगला आहे. तो काउंटरपर्यंत पोहोचलेला नाही.

काउंटरवर भीती बसलेली आहे, आणि ती भीती कुठून आली हे समजून घ्यायला हवं. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला. तरी 2011 च्या जनगणनेत राज्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या आणि बीड जिल्ह्यात 807. परळीतल्या डॉक्टर दांपत्याच्या बेकायदा गर्भपातांचं प्रकरण झालं, 2017 मध्ये म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले 19 गर्भ सापडले. हे सगळं भयंकर होतं आणि त्यावर कारवाई व्हायलाच हवी होती. पण मशीनवर लिंग सांगणाऱ्याला पकडणं अवघड, आणि मेडिकलवाल्याचं रजिस्टर तपासणं सोपं. मग तपासण्या तिकडे वळल्या. गर्भपाताच्या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच वापरायच्या असतात आणि तेव्हा सोनोग्राफीत लिंग कळत नाही. म्हणजे या गोळ्यांचा मुलींच्या घटत्या संख्येशी संबंध जवळपास नाहीच. तरी कितीतरी दुकानदारांनी ‘नको ती कटकट’ म्हणून त्या ठेवणंच बंद केलं. त्याच गोळ्या मग दुसरीकडे चढ्या भावाने, बिलाशिवाय, कशा घ्यायच्या हे न सांगता मिळतात. 2018 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासाचा अंदाज होता की 2015 या एका वर्षात भारतात सुमारे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले आणि त्यातले 73 टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. कायद्याने जो निर्णय डॉक्टरच्या हाती दिला, तो बहुसंख्य बायका डॉक्टरला वगळून घेताहेत. रक्त जास्त गेलं तर कुठे जायचं हे त्यांना माहीत नसतं, आणि गेल्या तर काय झालं ते सांगायची लाज वाटते.

गर्भाचं काय? हा प्रश्न झटकून टाकणाऱ्यांपैकी मी नाही. सहा आठवड्यांचा गर्भ आणि बत्तीस आठवड्यांचा गर्भ मला सारखे वाटत नाहीत, आणि बहुतेक आयांना आणि डॉक्टरांनाही वाटत नसावेत. वेदना जाणवायला मेंदूत ज्या जोडण्या लागतात त्या साधारण 24 आठवड्यांच्या आधी तयार नसतात असं बहुतेक तज्ज्ञांचं मत आहे. आईच्या शरीराबाहेर जगण्याची शक्यताही त्याच सुमारास सुरू होते. गर्भाचं नैतिक वजन दिवसागणिक वाढतं, असं मी मानतो. म्हणूनच लवकर, सहज आणि न लाजता गर्भपात मिळणं ज्यांना गर्भाची काळजी आहे त्यांनीही मागायला हवं. आज उलट होतं. दहाव्या आठवड्यात आलेल्या बाईला सह्यांसाठी फिरवून आपणच विसाव्या आठवड्यात ढकलतो आणि मग तिला विचारतो, इतका उशीर का केलास?

काही वेळा उशीर कुणाच्याच हातात नसतो. गर्भातलं मोठं व्यंग दाखवणारी सोनोग्राफी अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान होते, हृदयाची तपासणी त्याच्याही पुढे. आणि पन्नास वर्षं कायद्याची मर्यादा होती 20 आठवडे. 2008 मध्ये मुंबईतलं एक जोडपं, गर्भाच्या हृदयात गंभीर दोष आहे हे कळल्यावर, स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांच्यासह उच्च न्यायालयात गेलं. चोवीस आठवडे उलटले होते. परवानगी नाकारली गेली, आणि काही दिवसांतच तिचा गर्भपात आपसूक झाला. कायदा बदलायला त्यानंतर तेरा वर्षं लागली. आता मोठं व्यंग असेल तर 24 आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकतं. जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात 33 आठवड्यांच्या गर्भाचं प्रकरण आलं. डोक्याची वाढ खुंटलेली होती. फार उशीर झाला, पुढचे उपचार सरकारी दवाखान्यात फुकट मिळतील, म्हणून मंडळाने नकार दिला. न्या. गौतम पटेल आणि न्या. एस. जी. दिगे यांनी तो बाजूला ठेवला आणि निवड तिची आहे, मंडळाची नाही, असं सांगितलं. ते मूल जन्मभर सांभाळायचं कुणी होतं? मंडळातल्या डॉक्टरांनी नक्कीच नाही.

अपंगांच्या चळवळीतल्या मित्रमैत्रिणींना हा निकाल टोचतो, आणि त्यांचं म्हणणं मला ऐकावंसं वाटतं. व्यंग हेच कारण कायद्याने वेगळं काढून त्याला जास्तीची मुदत दिली, म्हणजे अपंग आयुष्य कमी मोलाचं आहे असं राज्यसंस्था सांगते, असा त्यांचा आक्षेप आहे. त्यात तथ्य आहे. त्यावर माझं उत्तर एवढंच की कारणांची यादीच नसावी. कुठल्या गर्भाची किंमत किती हे सरकारने ठरवूच नये. अमुक आठवड्यांपर्यंत तिचा शब्द अखेरचा, आणि त्यापुढे तिच्या जिवाचा व मनाचा विचार आधी, एवढंच कायद्यात राहावं.

कायद्याने गर्भाच्या ठोक्यांना आईच्या आधी बसवलं की काय होतं हे बेळगावच्या मुलीने भोगलं. दंतवैद्य असलेल्या सविता हलप्पनवार आयर्लंडमध्ये गॉलवेच्या रुग्णालयात होत्या. सतरा आठवड्यांचा गर्भ टिकणार नव्हता, हे डॉक्टरांना कळलं होतं. त्यांनी गर्भपात मागितला. ठोके सुरू आहेत तोवर करता येत नाही असं उत्तर मिळालं. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि 28 ऑक्टोबर 2012 रोजी त्या गेल्या. 2018 च्या सार्वमतात आयरिश मतदारांनी 66 टक्क्यांहून अधिक मतांनी, गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क देणारी तिथली घटनादुरुस्ती रद्द केली.

आणखी एक प्रकरण मला राहून राहून आठवतं. एप्रिल 2024. महाराष्ट्रातली 14 वर्षांची अत्याचारग्रस्त मुलगी, गर्भ जवळपास तीस आठवड्यांचा. उच्च न्यायालयाने नाही म्हटलं, 22 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली, आणि आठवड्याभरात पालकांचं मन बदललं, मुलीच्या जिवाची काळजी वाटली, म्हणून 29 एप्रिलला न्यायालयाने आपला आदेश मागे घेतला. आईवडिलांना दोष देण्याचा माझा अजिबात हेतू नाही. त्या परिस्थितीत कुणीही गोंधळेल. गर्भवतीची संमती सर्वांत महत्त्वाची हे तत्त्व त्याच प्रकरणातल्या निकालात न्यायालयाने मांडलं. ते तत्त्व एका चौदा वर्षांच्या पोरीपर्यंत कसं न्यायचं, तिच्याशी एकांतात कुणी बोलायचं, किती वेळा, कुठल्या भाषेत, याची काही व्यवस्था आपण उभी केलेली नाही.

आता मरणाकडे. अरुणा शानबाग यांचं नाव घेतल्याशिवाय आपल्याकडे हा विषय निघत नाही. 27 नोव्हेंबर 1973 ला केईएममध्ये एका वॉर्डबॉयने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळला, मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि 18 मे 2015 ला न्यूमोनियाने त्या जाईपर्यंत, साडेएकेचाळीस वर्षं, त्याच इस्पितळातल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. पाठीला जखमा होऊ दिल्या नाहीत. पगारातून विकत घेता येईल अशी ही सेवा नव्हे. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांचं अन्न थांबवावं म्हणून याचिका केली, परिचारिकांनी विरोध केला, आणि 7 मार्च 2011 ला सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळताना ठरवलं की अरुणांच्या वतीने बोलायचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे. त्याच निकालाने, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, उपचार थांबवण्याची वाट पहिल्यांदा मोकळी केली.

दोन्ही बाजूंना अरुणांविषयी माया होती, याबद्दल मला शंका नाही. पण अरुणांना काय हवं होतं हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि कळण्याचा मार्ग नव्हता. पंचविशीतल्या नर्सने, लग्न ठरलेलं असताना, असलं काही लिहून का ठेवलं असतं? आज आपल्याला ते लिहून ठेवता येतं. 9 मार्च 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सन्मानाने मरणं हे जगण्याचा हक्क देणाऱ्या कलम 21 मध्ये येतं असं सांगून आगाऊ वैद्यकीय निर्देशाला, म्हणजे ‘लिव्हिंग विल’ला, मान्यता दिली. सुरुवातीची पद्धत इतकी किचकट होती, न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीपर्यंत, की ती वापरणं जवळपास अशक्य होतं. 24 जानेवारी 2023 ला ती सोपी झाली. दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, आपल्या वतीने बोलणाऱ्या माणसांची नावं. वेळ आली की तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं, प्रत्येकाने शक्यतो 48 तासांत मत द्यायचं. हे कागद स्थानिक संस्थेत सांभाळायला माणूस नेमावा म्हणून डॉ. दातारांनाच पुन्हा मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. गोव्यात 2024 मध्ये न्या. महेश सोनक यांनी स्वतःचा निर्देश नोंदवून सुरुवात करून दिली.

हे कागद नसतात तेव्हा काय होतं, ते आयसीयूबाहेर रात्र काढलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. बिल वाढत जातं. दागिने जातात, मग जमिनीची बोलणी सुरू होतात. एके सकाळी डॉक्टर बाजूला घेऊन सांगतात, ‘आता घरी न्या, सेवा करा.’ डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत असल्याच्या कागदावर नातेवाइकांची सही घेतात. सल्ला डॉक्टरांचाच, आणि कागद म्हणतो सल्ल्याविरुद्ध! अँब्युलन्समध्ये कुणीतरी हाताने श्वास देणारी अंबू बॅग दाबत राहतं आणि घराच्या उंबऱ्याशी नळी निघते. पुढचे तास गुदमरण्याचे असतात. मॉर्फिन नाही, ऑक्सिजन नाही, काय करावं सांगणारं कुणी नाही. उपचार थांबवणं आपल्याकडे कधीपासून चाललेलं आहे. कायद्याच्या भीतीपोटी त्यातली वेदनाशमनाची बाजू तेवढी गळून गेली आहे. निर्णय कोण घेतं? बहुतेक वेळा बिल घेतं.

पवनारला नोव्हेंबर 1982 मध्ये विनोबांनी अन्न, पाणी, औषध नाकारलं आणि देह ठेवला. पंतप्रधानांपासून सगळ्यांनी विनवलं, पण कुणी त्यांच्या नाकात नळी घातली नाही. विनोबांचा ‘नको’ ऐकला गेला, कारण ते विनोबा होते. साध्या घरातल्या आजीचा ‘नको’ तितकाच ऐकला जावा, ही माझी मागणी आहे. एवढ्यासाठी नवा कायदाही लागत नाही.

मग इंजेक्शनला विरोध का? जो माणूस ‘मला मरण द्या’ म्हणतो त्याची संमती मी का मानत नाही? आणि म्हातारीवर घरच्यांचा दबाव असेल म्हणून तिची संमती संशयास्पद, तर सासूच्या धाकाने आलेल्या सुनेची कशी काय चालते? आक्षेप रास्त आहे. फरक मला असा दिसतो. गर्भवतीला थांबवून ठेवणं म्हणजे निर्णय पुढे ढकलणं नव्हे. थांबवणं हाच तिच्या शरीरावर लादलेला निर्णय असतो आणि तो रोज वाढत जातो. तिला दबावापासून वाचवायचं तर खोलीत एकटीशी बोलता येतं, लिंग सांगणारं मशीन बंद पाडता येतं. दुखण्याने गांजलेल्या माणसाचं मात्र दुखणं आधी थांबवता येतं, आणि ते थांबल्यावर त्याला पुन्हा विचारता येतं. मागणी करणाऱ्यांपैकी कितीजणांना कधी नीट वेदनाशमन मिळालेलं असतं? अफूची कायदेशीर शेती करणाऱ्या मोजक्या देशांत आपण आहोत, आणि 1985 च्या अंमली पदार्थ कायद्याच्या धाकाने आपल्याच कर्करोग्यांना मॉर्फिनची साधी, स्वस्त गोळी मिळेनाशी झाली. 2014 मध्ये कायदा सैल केला, तरी जिल्ह्याच्या गावातसुद्धा ती लिहून देणारा डॉक्टर शोधावा लागतो. वेदनाशमनाची सेवा देणारं वांद्र्याचं शांती अवेदना सदन 1986 मध्ये सुरू झालं, पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र 1997 मध्ये. त्यानंतरच्या इतक्या वर्षांत अशी किती ठिकाणं उभी राहिली, ते आपल्या जिल्ह्यात शोधून पाहावं. कॅनडाने 2016 मध्ये वैद्यकीय साहाय्याने मरणाचा कायदा केला आणि 2021 मध्ये ज्यांचं मरण जवळ नाही अशांनाही तो खुला केला. विरोधाला उभ्या राहिल्या त्या अपंगांच्याच संघटना. नीट जगण्याची सोय देत नाही आणि मरणाची देता, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्याकडे तर ‘मी तुमच्यावर ओझं झालेय’ हे वाक्य म्हाताऱ्या बायका रोज बोलतात. कायदा झाला, तर त्या वाक्याखाली अंगठा घ्यायला कुणीतरी फॉर्म घेऊन उभं राहील.

हे माझं कायमचं मत आहे असं नाही. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मॉर्फिन लिहून देणारा एक डॉक्टर आणि घरी जाऊन रुग्णाचं करणारी एक नर्स असेल, आणि त्यानंतरही कुणी शांतपणे म्हणेल की मला आता जायचं आहे, तर त्याच्याशी वाद घालायला माझ्याकडे आजच्याइतकी भक्कम कारणं उरणार नाहीत. तोवर कलम 88 मधून बाईचं नाव काढावं, फॉर्म सीवर दुसरी सही मागणाऱ्या दवाखान्यांना जाब विचारावा, आणि आपापल्या घरातल्या आईवडिलांनी मरणाचा विषय काढला तर तो त्यांना पुरता बोलू द्यावा.